दोन हजारांचा माळ

मी एक जुना संगणक आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या डिझाइनच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाखाली माझा मुक्काम असतो. भिंतीपलीकडे यंत्रमाग दिवसभर खडखडतात आणि सुताचा बारीक कापूस माझ्या जाळीत येऊन बसतो. माझं वय आठ वर्षं. माणसाचं हे तिसरीत जायचं वय, आमच्यात मात्र म्हातारपण. मित्रांनो, म्हाताऱ्याने गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल तर ती आताच सोडा. माझ्या पोटात एके काळी त्र्याहत्तर विमानतळ होते. एवढे विमानतळ ज्याने पोसले त्याच्या तोंडी गोडवा राहत नाही.

नव्या पेठेतल्या एका दुकानात मला जुळवलं. मालकाला सगळं उत्तम हवं होतं, त्यामुळे मला पंखे तीन मिळाले आणि दुकानातल्या पोरांनी माझ्याबरोबर फोटो काढले. माझे पहिले मालक देवदत्त. ते चार्टर्ड अकाउंटंट. विजापूर रोडवर त्यांचा बंगला, आणि वरच्या मजल्यावरची एक खोली केवळ माझ्यासाठी रिकामी केलेली. त्यांना विमान चालवण्याचा नाद होता. म्हणजे खरं विमान नव्हे. पडद्यावर विमानाचा पुढचा भाग दिसतो, हातात दांडा असतो, आणि खऱ्या वैमानिकासारखं सगळं करून विमान न्यायचं असतं. याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात.

पहिलं वर्षभर देवदत्त खरोखर उडायचे. रविवारी सकाळी चहा झाला की वर यायचे, सोलापूरहून पुण्याला जायचे, कधी हैदराबादला. वाऱ्याने विमान तिरकं झालं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. एकदा त्यांनी पुण्यात विमान धावपट्टीच्या बाहेर घातलं आणि तासभर तेच उतरणं पुन्हा पुन्हा करत राहिले. तेव्हाचे देवदत्त मला आवडायचे.

मग त्यांनी पहिला विमानतळ विकत घेतला.

हे जरा समजावून सांगायला हवं. खेळाबरोबर जे विमानतळ येतात ते साधे असतात. धावपट्टी खरी, तिची लांबीरुंदी खरी, पण इमारती म्हणजे कुठल्याही गावाला चालतील अशी खोकी. काहींना हे खुपतं. म्हणून जगात ठिकठिकाणी कारागीर बसलेले असतात. ते एकेका विमानतळाचे शेकडो फोटो गोळा करतात, त्यावरून इमारत, दिवे, पाट्या, झाडं हुबेहूब घडवतात आणि विकतात. तिला सीनरी म्हणतात. खेळात तेवढी एक जागा खरी होते. किंमत दीड हजार, दोन हजार, मोठं शहर असेल तर अडीच. आपल्याकडच्या हिशेबाने दोन-तीन चांगल्या चादरींना एक विमानतळ.

देवदत्तांची पहिली सीनरी समुद्राकाठच्या कुठल्या तरी परदेशी शहराची होती. खोटं बोलणार नाही, ती सुंदर होती. संध्याकाळी ढगातून खाली आल्यावर ओल्या धावपट्टीवर दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या, पलीकडे समुद्र, आणि इमारतीच्या काचांमागे उजेड. देवदत्तांनी खालून मालतीबाईंना, म्हणजे बायकोला, हाक मारून बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि दोघंही बघत राहिली. त्या वेळी मलाही वाटलं, पैसे वसूल झाले.

पण दुसऱ्या महिन्यात दुसरा विमानतळ आला. सणासुदीला सवलत लागली तेव्हा एका दुपारी अकरा आले. मालक उडायचे थांबले. विमान उडवायला तास लागतात, विकत घ्यायला मिनिट पुरतं. नवा विमानतळ आला की ते विमान बाजूला ठेवायचे आणि नुसते हिंडायचे. सामानाच्या ढकलगाड्या मोजायचे. कचऱ्याच्या डब्याचा रंग खऱ्या फोटोशी ताडून बघायचे. ज्या शहरात हा माणूस जन्मात गेला नाही तिथल्या गालिच्याची छटा चुकली म्हणून त्यांनी कारागिराला दोन पानी तक्रार लिहिली होती. ती माझ्यावरच टाइप केली, म्हणून मला ठाऊक.

मालतीबाई एकदा दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, यातल्या एखाद्या ठिकाणी आपण खरंच जाऊन येऊ या का?"

देवदत्त म्हणाले की रिटर्न भरायचे दिवस आहेत, सुट्टी कुठली. त्याच संध्याकाळी त्यांनी चौसष्टावा विमानतळ घेतला.

पुढे त्यांनी या सीनऱ्यांबद्दल व्हिडिओ करायला सुरुवात केली. चार-साडेचार हजार लोक ते बघायचे. मग विकणारेच त्यांना नवा माल फुकट पाठवू लागले आणि त्यांची जीभ मऊ झाली. माझी मात्र दैना होती. त्र्याहत्तर विमानतळांचे दिवे, डबे आणि गालिचे वाहून माझा दम निघायचा, चित्र अडखळायचं, आणि देवदत्त मला ठोकळा म्हणायचे. चौथ्या वर्षी त्यांनी नवा संगणक आणला. मला त्यांच्या एका अशिलाला विकून टाकलं. तेच हे टॉवेलचे कारखानदार, मल्लिनाथ.

विमानतळ पुसले गेले, खेळ तेवढा राहून गेला. इथे माझ्यावर टॉवेलची नक्षी काढायचं काम सुरू झालं. ते करायची सुकन्या. चोविसाव्या वर्षी ती इथे लागली. तिचं घर मेंढपाळाचं. सोलापूरच्या खऱ्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर जो माळ आहे, तिथे तिचे आप्पा, म्हणजे वडील धुळा, मेंढरं चारतात. टॉवेलच्या नक्षीत एकेक धागा म्हणजे एकेक चौकोन. सुकन्या असे हजारो चौकोन न कंटाळता भरायची. मोराच्या पिसाऱ्यात एक धागा चुकला तर तिला तो लांबून दिसायचा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिला माझ्यात तो खेळ सापडला. तिने सगळ्यात आधी सोलापूर शोधलं. करडी धावपट्टी, एक खोकं, आणि चहूकडे हिरवंगार लुसलुशीत गवत. बराच वेळ ती त्या गवताकडे बघत होती.

"असलं गवत असतं तर आप्पा उन्हाळ्यात कशाला हिंडला असता," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि तिने सीनरी करायला घेतली. मल्लिनाथांना विचारलं, तर ते म्हणाले, काम संपल्यावर तासभर बस की, वीज काय तुझ्यासाठी वेगळी येत नाही. पाचच्या पाळीचा भोंगा झाला की ती बसायची. सायकलवरून येताना वाटेत थांबून फोटो काढायची. खडकाळ माळ, त्यावरचं पिवळं कुसळ, तारेचं कुंपण, तारेला अडकलेल्या पिशव्या. तिला इमारत फारशी जमली नाही, काचा तर अगदीच साध्या राहिल्या. पण माळ असा उतरला की मी जो तीन पंख्यांनिशी दमायचो, तो ते चित्र हलकेच उचलून धरायचो. दिवे, डबे, गालिचे असलं सोंग नव्हतंच त्यात. नुसती जमीन होती.

आठ महिने ती करत होती. मध्ये एकदा धुळा बाजारात बोकड विकून परतताना लेकीचं कामाचं ठिकाण बघायला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, काठी दाराबाहेर ठेवून उभे राहिले. सुकन्याने विमान उडवलं आणि त्यांचा माळ त्यांना वरून दाखवला. त्यांनी तो कधी वरून पाहिला नव्हता. 

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पानी हितनं न्हाय जात. खालनं जातं, त्या वगळीनं."

तिने तिथल्या तिथे वगळ, म्हणजे पाण्याचा ओढा, खाली सरकवली.

"आनि मेंढरं कुटं हायत?"

मेंढरं नव्हती. पुढचा महिना त्यात गेला. बेचाळीस मेंढरं, प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर धुळांच्या घरची गेरूची खूण, आणि सगळ्यांच्या मागे एक लंगडत येणारी मेंढी. खऱ्या कळपात ती होती, कुंपणाची तार तिच्या पायात शिरली होती. सुकन्याने तिचं लंगडणं पाच वेळा पुसून सहाव्यांदा केलं.

मग तिने ती सीनरी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. महिन्याभरात अकरा जणांनी घेतली.

त्याच सुमारास देवदत्त हिशेब तपासायला कारखान्यात आले. मला बघून त्यांना गंमत वाटली, हा ठोकळा अजून चालतो का, म्हणाले. मल्लिनाथांनी कौतुकाने सांगितलं की आमच्या पोरीने त्यावर सोलापूरचा विमानतळ केलाय. देवदत्तांनी आधी काय विचारलं असेल? किंमत. फुकट आहे म्हटल्यावर ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. बगलेत फाईल धरून मिनिटभर बघितलं. काचेत प्रतिबिंब का पडत नाही, एवढं विचारलं. चांगला प्रयत्न आहे म्हणाले. मेंढरांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. जाताना मल्लिनाथांना समजावलं की फुकटच्या गोष्टींवर ते व्हिडिओ करत नाहीत, त्यांच्या प्रेक्षकांना दर्जा लागतो.

 सुकन्याने खुर्ची आत सरकवली आणि टॉवेलचा मोर उघडला.

पाच महिन्यांनी देवदत्त परत आले ते लॅपटॉप घेऊन. सोलापूरची नवी सीनरी बाजारात आली होती, परदेशातल्या कुणा विक्रेत्याची, किंमत सतराशे नव्याण्णव. त्यांना ती फुकट आली होती आणि त्यांनी तिच्यावर अर्ध्या तासाचा व्हिडिओही केला होता. मल्लिनाथांना आणि सुकन्याला त्यांनी मुद्दाम समोर बसवलं. इमारतीच्या काचा चकचकीत होत्या, हे मान्य. मग विमान माळावर आलं.

"आता हे बघ सुकन्या," देवदत्त म्हणाले. "या एका मेंढीला त्यांनी लंगडत चालवलंय. एवढी बारीक नजर फुकटात येते का?"

सुकन्या पुढे वाकली. वगळ खालून जात होती. डाव्या खांद्यांवर गेरू होता.

"सर, ती मेंढरं आमची हायत."

देवदत्तांना आधी कळलंच नाही. तिने मला सुरू केलं आणि स्वतःचा माळ त्यांच्या माळाशेजारी मांडला. तीच मेंढरं, तेवढीच, तीच लंगडी, तिच्या मागचा तोच दगड. मग तिने प्रत्येक मेंढरावर काम केल्याच्या तारखा उघडल्या. त्या माझ्याजवळ होत्या. मित्रांनो, चार वर्षं मी देवदत्तांच्या खोलीत होतो, पण कुणाला माझी खरी गरज पडली ती त्या दुपारी.

देवदत्त तारखा वाचत होते. मग म्हणाले, "तारखा मागेपुढे करता येतात."

"आमची पोरगी चोरी करते म्हणता काय, साहेब?" मल्लिनाथांनी शांतपणे विचारलं.

देवदत्त म्हणाले तसं नाही. सुकन्याने त्यांच्याकडे पैसे मागितले नाहीत की भांडण मागितलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तुमचं इतके लोक ऐकतात, तर ही मेंढरं कुणी केली ते एका वाक्यात सांगा. देवदत्तांनी लॅपटॉप मिटला. बघतो म्हणाले. ही मोठी मंडळी असतात, जपून बोलावं लागतं, म्हणाले.

ते वाक्य आलं नाही. त्यांच्या पुढच्या व्हिडिओत एका परदेशी विमानतळाचे गालिचे होते. सुकन्याने विक्रेत्याला दोन पत्रं लिहिली, तारखा जोडल्या. उत्तर आलं नाही, पण दीड महिन्याने त्या सीनरीत सुधारणा आली. जाहिरातीत लिहिलं होतं की अनावश्यक प्राणी काढून टाकले आहेत, त्यामुळे खेळाचा वेग वाढेल. माळ तिचा, वगळ तिची, दगडही तिचाच, फक्त खुणेची मेंढरं नाहीशी केली होती. देवदत्तांनी आपल्या व्हिडिओत या सुधारणेचं स्वागत केलं.

त्या दिवशी सुकन्याकडून एकच टॉवेल तीनदा चुकला. मल्लिनाथांनी ते बघितलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"फुकट वाटलेल्या टॉवेलनं लोक गाडी पुसतात, बाई. त्याच टॉवेलला डब्यात घालून किंमत लाव, मग पाहुण्यांना देतात. तू किंमत लाव की."

तिला ते पटत नव्हतं. माळ काय विकायचा, असं ती म्हणत होती. आठवडाभर तिने विचार केला. मग एक दिवस पाचच्या भोंग्यानंतर बसली आणि दोन हजार रुपये किंमत टाकली, त्या चोरांपेक्षा जास्त. सीनरीत तिने काहीही बदललं नाही. मी साक्षीला आहे. एक काडी इकडची तिकडे झाली नाही. काचा होत्या तेवढ्याच साध्या होत्या.

पहिल्या आठवड्यात चाळीस जणांनी घेतली. दोन महिन्यांत दोनशे. जी गोष्ट फुकट होती तेव्हा महिन्याभरात अकरा जणांनी नेली, तीच घ्यायला हे शहाणे रांग लावून आले. आणि काय काय लिहिलं त्यांनी! शेवटी सोलापूरला न्याय मिळाला. अखेर एक दर्जेदार सीनरी. एकाने तर लिहिलं की साध्या काचा ठेवण्यामागे कारागिराची प्रगल्भ दृष्टी दिसते. मी हे सगळं पडद्यावर दाखवत होतो आणि माझा एकुलता एक उरलेला पंखा रागाने फिरत होता.

घेणाऱ्यांच्या यादीत एक दिवस देवदत्तांचं नाव दिसलं. चारच दिवसांत त्यांचा व्हिडिओ आला. त्यात ते म्हणाले की सोलापूरची मूळ सीनरी ही, कारखान्यात काम करणाऱ्या सुकन्या नावाच्या मुलीने केलेली, आणि दुसरी तिच्यावरून उचललेली आहे. फुकटात जे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, ते दोन हजारांत निघालं. लोकांनी विक्रेत्याला जाब विचारायला सुरुवात केली आणि त्याने आपली सीनरी गुपचूप काढून घेतली.

सुकन्याला न्याय मिळाला. पण ती हरखली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी तिने मल्लिनाथांना घरचं बोलणं सांगितलं. धुळांना तिने पैशाचं सांगितल्यावर ते काळजीत पडले होते. दोनशे माणसांनी दोन-दोन हजार दिले, मग त्यांना काय दिलंस, जमीन दिलीस का, असं विचारत होते. ती म्हणाली, नुसतं बघायला दिलं. यावर धुळा म्हणाले, "बघायला कोन नगं म्हंतंय? या म्हनावं की."

म्हणून तिने सीनरीखाली लिहिलं, ज्यांनी हा माळ घेतला आहे त्यांनी खरा माळ बघायला यावं, आप्पा दाखवतील, पैसे नाहीत. दोनशे माणसांपैकी निम्मी तरी महाराष्ट्रातली. बारा जण सोलापुरातच राहणारे. मित्रांनो, एकही आला नाही. एकाने फक्त कळवलं की माळावर जायची गरज नाही, सीनरी अतिशय हुबेहूब आहे.

शेवटी देवदत्त आले, तेही मालतीबाईंनी गाडीत बसून हॉर्न वाजवला म्हणून. त्या सकाळचं सगळं सुकन्याने कारखान्यात येऊन सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मालतीबाई चपला हातात घेऊन सरळ कळपाबरोबर चालू लागल्या. त्या पुढे गेल्या, लांब गेल्या, धुळांच्या बायकोशी, गोजाबाईशी, बोलत बसल्या. देवदत्त मात्र गाडीपासून दहा पावलांवर उभे होते. त्यांनी फोन काढला होता. त्यावर सीनरीचा फोटो होता आणि ते एकदा फोनकडे, एकदा माळाकडे बघत होते. डोक्यावरून खरं विमान उतरलं तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी ते धुळांना म्हणाले, "इथे जरा फरक आहे. सीनरीत तो कडुलिंब थोडा डावीकडे आहे."

धुळांनी लिंबाकडे बघितलं. मग देवदत्तांकडे बघितलं.

"लिंब हाय तितंच हाय, सायेब," ते म्हणाले. "तुमी हुबं ऱ्हायलाय ते चुकलंय. जरा सरका."

देवदत्त सरकले, आणि फोनमध्ये बघून, आता बरोबर आहे, असं म्हणाले.

माझं आता फार दिवसांचं काम नाही. सुकन्यासाठी नवा संगणक येणार आहे, मल्लिनाथांनी सांगून ठेवलंय. मला भंगारात दिलं तरी तक्रार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी जीव ओतून केलेलं काम तुमच्यासमोर आलं तर खाली बसा आणि नीट बघा. आवडलं तर करणाऱ्याचं नाव घ्या. त्याची किंमत त्यानंतर विचारलीत तरी चालेल. आणि कधी माळावर गेलात तर फोन खिशात ठेवा. धुळांना मेंढरं राखायची असतात, माणसं सरकवायला त्यांना वेळ नसतो.